ठोके उतरेपर्यंत

हृदयाचा सीटी स्कॅन होता त्या सकाळी मी तीन कप चहा प्यायलो.

चुकून नाही, विसरूनही नाही. चांगला विचार करून प्यायलो. हॉस्पिटलने आठवडाभर आधी सूचनांचा एक कागद दिला होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'तपासणीपूर्वी चार तास उपाशी राहावे.' आता उपाशी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर संकष्टी येते, आणि संकष्टीला आमच्या घरात चहा चालतो. चालतो म्हणजे काय, चहावरच तर दिवस निघतो. माझ्या एका मावशीचा चहा निर्जळी एकादशीलासुद्धा चालायचा. "पाणी कुठे प्यायले मी?" असं ती वर विचारायची. अशा घराण्यातला मी. उपवास कसा करावा हे मला कागदावरून शिकवायला नको, असं म्हणून पहिल्या ओळीनंतर मी तो कागद घडी करून खिशात टाकला होता.

दुसरी ओळ ठळक अक्षरांत होती. तिची आणि माझी गाठ पुढे हॉस्पिटलात पडली.

पहिला कप घरी, माझा मीच केलेला, बायको उठायच्या आत. पुढचे दोन वारज्याच्या चौकात, आमच्या सकाळच्या फिरायच्या टोळक्याबरोबर. तिथे एकजण म्हणाला, "आज तुझ्या हृदयाचा फोटो ना? मग घे अजून एक. तरतरीत येईल फोटो." सगळे हसले. मीही हसलो आणि घेतला अजून एक.

फोटोचा विनोद माझ्यावर व्हायचाच, कारण तीस वर्षं मी तोच धंदा केला. बिबवेवाडीत माझा स्टुडिओ होता. पासपोर्ट साइझ, शाळेचे ओळखपत्राचे फोटो, बारशी, मुंजी, साखरपुडे. 'हनुवटी जरा खाली, खांदे सैल, हलू नका' ही तीन वाक्यं मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटली असतील तितक्या वेळा रामरक्षा म्हटली असती तर हृदयाच्या तपासणीची वेळच आली नसती. पण ती आली. सोसायटीची लिफ्ट बंद होती, हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी छातीवर पाट ठेवून त्यावर बसल्यासारखं झालं. दोन मिनिटांत ते गेलं. मी कोणाला सांगितलं नाही. आठवड्याने पुन्हा झालं, तेव्हा बायको मागे होती.

मग हृदयाचे डॉक्टर, मग पट्ट्यावर पळायची तपासणी. तिचा निकाल म्हणजे आमच्या सोसायटीच्या सभेचा ठराव: हो पण नाही आणि नाही पण नाही. डॉक्टर म्हणाले, "सीटी करून घेऊ. रक्तवाहिन्या स्वच्छ दिसल्या तर प्रश्न मिटला. चित्र नीट नाही आलं किंवा शंका राहिली, तर मग तार घालून अँजिओग्राफी करावी लागेल."

तार हा शब्द ऐकल्यापासून मी अस्वस्थ होतो. पण तारेला घाबरतो असं सांगायला बरं दिसत नाही. म्हणून मी किरणांना घाबरायला लागलो. ते सुशिक्षित वाटतं. चार दिवस मोबाईलवर वाचत होतो. सीटीत किरण किती लागतात, ते कमी कसे करता येतात, कमी केले तर चित्र कसं खराब होतं. वाचून वाचून मी अकरा प्रश्न काढले आणि स्टुडिओच्या एका जुन्या फोटोच्या पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिले. बायकोने ते पाकीट पाहिलं.

"हे कोणाला विचारणार?"

"तिथल्या माणसांना. आपला हक्क आहे."

"तुमच्या स्टुडिओत कोणी असे प्रश्न घेऊन आला असता तर?"

"हाकलून दिला असता."

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि पर्स घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली.

सीटीच्या विभागात एक टेक्निशियन ताई होत्या. पस्तिशीच्या असतील. बोलण्यावरून नागपूरकडच्या. त्यांनी माझ्या बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं आणि आकड्याकडे बघत राहिल्या. ठोके शहाण्णव.

"काका, धावत आले का?"

"नाही. रिक्षाने."

"चहा-कॉफी काही पेले?"

"फक्त चहा," मी अभिमानाने म्हणालो. "बाकी कडक उपवास आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बायकोचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तो कसा असेल याची तेहतीस वर्षांच्या अनुभवावरून कल्पना होती.

"किती?"

"तीन."

"चमचे?"

"कप."

"तो कागद कुठे आहे?" बायको म्हणाली. मी खिशातून काढून दिला. तिने घडी उलगडली, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद माझ्या नाकासमोर धरला. 'आदल्या दिवशी दुपारपासून चहा, कॉफी पूर्ण बंद.' बोट तिथून हलेना. ताईच म्हणाल्या, "राहू द्या काकू. वजन करू आधी."

वजनाचंही एक प्रकरण होतं. अर्जात मी बहात्तर किलो लिहिलं होतं. तो आकडा अगदीच खोटा नव्हता. कधीकाळी काट्यावर मी तो स्वतः पाहिला होता. आता काटा त्र्याऐंशीवर थांबला.

"हे बहात्तर लग्नातलं आहे का?" ताईंनी विचारलं.

"लग्नातही नव्हतं," बायको म्हणाली.

ताई हसल्या, पण आकडा खोडताना त्यांनी मला जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. किरणांचा जोर माणसाच्या अंगावर ठरतो. बारीक माणसाला कमी जोर पुरतो, जाड माणसाला तेवढ्यात चित्र रवाळ येतं. "मी तुमच्या बहात्तरवर विश्वास ठेवून कमी लावलं असतं, चित्र खराब आलं असतं आणि सगळं पुन्हा करावं लागलं असतं. म्हणजे दुप्पट. आणि तुम्ही तर किरणं कमी करायला आले ना?" त्यांनी माझ्या हातातलं पाकीट वाचलं होतं, अकराच्या अकरा प्रश्नांसकट. "यातले नऊ आम्ही रोज करतोच, काका. दहावा समजला नाही. अकरावा तुमच्या हातात आहे."

अकरावा प्रश्न होता, 'मला सर्वांत कमी किरणांत हा स्कॅन मिळू शकेल काय?'

तो माझ्या हातात कसा, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. ते तरुण होते, हळू बोलणारे, आणि त्या दिवशी माझ्याशी 'आपण' म्हणून बोलणारे एकटेच. मी फोटोवाला आहे हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

"मग आपल्याला पटकन कळेल. वर्षाचं चुळबुळं मूल फोटोला बसवलंत, तर काय करता?"

"थांबतो. दोन चुळबुळींच्या मधे ते क्षणभर स्थिर होतं. तेवढ्यात बटण दाबतो."

"हृदयही तसंच. दोन ठोक्यांच्या मधे ते थोडं विसावतं. ठोके साठच्या आसपास असले तर तो विसावा लांब असतो. आम्ही किरण फक्त तेवढ्यात सोडतो, बाकी वेळ बंद. किरण कमी आणि चित्र स्वच्छ. पण ठोके नव्वदच्या पुढे असतील तर मूल सारखं हलतंय."

"मग सलग फोटो काढत सुटायचं आणि नंतर त्यातला एक निवडायचा," मी म्हणालो. लग्नात हल्लीचे फोटोवाले हेच करतात आणि मी त्यांना नावं ठेवतो.

"बरोबर. पण इथे प्रत्येक फोटोला किरण लागतात. आणि एवढं करून हललेलाच येण्याची शक्यता असते. आपल्या वयाला त्या जास्तीच्या किरणांनी फार बिघडतं असं नाही. पण जे टाळता येतं ते का घ्यायचं?"

त्यांनी दम्याबिम्याचं विचारून ठोके उतरवायची एक गोळी दिली. तासभर बसा म्हणाले. बारानंतर मशीन दुसऱ्या पेशंटांसाठी लागलेलं होतं. तोवर ठोके पासष्टच्या खाली आले तर कमी किरणांत करू. नाही आले तर दोन रस्ते: जास्त किरण देऊन जसं येईल तसं चित्र घ्यायचं, नाहीतर नऊ दिवसांनंतरची तारीख. नऊ दिवस छातीवरचा तो पाट घेऊन जिने चढायचे. आणि चित्र धड आलं नाही तर तार.

साडेदहा वाजले होते. मला दीड तासात शांत व्हायचं होतं. माणसाला 'शांत हो' म्हणण्याइतकं अशांत करणारं दुसरं काही नाही, हे मी तिथे शिकलो.

प्रतीक्षागृहात निळ्या खुर्च्या होत्या. समोरच्या खुर्चीत लोणी काळभोरकडचे एक आजोबा मांडी घालून बसले होते. धोतर, सदरा, डोक्याला टोपी, हाताला आधीच सुई टोचलेली. त्यांचा मुलगा कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता. मी माझ्या जागी पाच मिनिटं बसलो. मग मी खिशातून माझं ऑक्सिमीटर काढलं. करोनाच्या वेळी घेतलेलं, प्रत्येक घरात असतं तसलं. बोटाला लावलं. ब्याण्णव. काढलं. पुन्हा लावलं. त्र्याण्णव. गोळीचा उपयोग होत नाहीये या विचाराने पंचाण्णव.

"अहो, ते ठेवा आत," बायको म्हणाली.

"किती झाले ते कळायला नको?"

"तुम्ही बघताय म्हणून वाढतायत."

मी ते आत ठेवलं आणि मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटना या वाक्याने सुरू होतात. चहा अंगात आहे, तो जिरवला पाहिजे. जेवण जिरवायला शतपावली करतात, मग चहा जिरवायलाही करता येईल. मी "आलोच" म्हणून उठलो. आधी लांब व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. नंतर जिना दिसला. दोन मजले वर गेलो, दोन खाली आलो. छातीवर पाट आला नाही, याचा मला इतका आनंद झाला की पुन्हा एक मजला चढलो.

परत आलो तर दारात टेक्निशियन ताई.

"कुठे गेले होते, काका?"

"चहा जिरवत होतो."

त्यांनी बोलता बोलताच चिमटा लावला. एकशे चार.

"काय करून राहिले तुम्ही!" त्या खरंच चिडल्या. "छातीत दुखतं म्हणून आले ना? मग जिने कशाला चढता? मी गोळी देऊन खाली आणू आणि तुम्ही जिना चढून वर न्या. काकू, यांना धरून बसा. आणि ते खिशातलं इकडे द्या."

ऑक्सिमीटर जप्त झालं. बायकोने ते पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात टाकलं आणि पर्स स्वतःच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. माझा हात तिथपर्यंत पोचू नये म्हणून. मग ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं, आणि ठोक्यांच्या दृष्टीने ते बरं नव्हतं.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू? किरणांना घाबरलात ना?"

"हो. म्हणजे, थोडा."

"किरणांना नाही."

मी भिंतीवरच्या सूचना वाचत राहिलो. दागिने काढून ठेवावेत. गर्भवती असल्यास आधी सांगावे.

"परवा तुम्ही बँकेचे कागद एका पिशवीत घालून माझ्या कपाटात ठेवलेत," ती म्हणाली. "आणि गॅसचं पुस्तक. मला काय कळत नाही?"

मला वाटलं होतं, मी ते बेमालूम केलं. तीस वर्षं लोकांना त्यांचे फोटो दाखवले मी. लोक पासपोर्टचा फोटो हातात घेतात आणि म्हणतात, हा मी नाही. मी म्हणायचो, मशीन खोटं बोलत नाही. आता माझा पहिला असा फोटो निघणार होता ज्यात हनुवटी वर-खाली करून काही लपत नाही. आणि तो बघायची माझी तयारी नव्हती. हे तिला सांगावंसं वाटलं. मी म्हणालो, "गॅसचं पुस्तक तिथे चुकून गेलं असेल."

"हो," ती म्हणाली. "चुकून."

तेवढ्यात समोरून आवाज आला. "पावनं, तुमचं किती हाय?"

आजोबा माझ्याकडे बघत होते. माझा तमाशा त्यांनी पहिल्यापासून पाहिला असणार.

"एकशे चार," मी म्हणालो. "तुमचं?"

"अठ्ठावन म्हनली ती बाई."

"गोळी घेऊन?"

"न्हाय. तसंच."

मला त्यांचा राग आला. मी विचारलं, "काय करता तुम्ही? प्राणायाम?"

"काय करायचं त्यात? ते त्याचं काम करतंय, आपुन आपलं करायचं." मग त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी त्यांच्या म्हशीचं सांगायला सुरुवात केली. म्हैस दावं तोडून रस्त्यापलीकडच्या कॉलेजात गेली होती. ती कुठल्या दाराने शिरली, तिथल्या शिपायाने काय केलं, पोरांनी मोबाईलवर तिचे फोटो कसे काढले, हे सगळं ते इतक्या संथपणे सांगत होते की दर वाक्यानंतर मला वाटायचं संपलं. संपलेलं नसायचं. म्हैस अजून कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर होती, तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. ते मांडी सोडून उठले, धोतर सारखं केलं आणि गेले.

पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. पुन्हा तीच खुर्ची, तीच मांडी.

"कसं वाटलं आत?" मी विचारलं.

"काय न्हाय. हातातनं अवषद सोडत्यात. गरम पानी सोडल्यागत होतं समद्या अंगात. मला वाटलं धोतार भिजलं." त्यांनी धोतरावरून हात फिरवला. "न्हाय भिजलं."

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं. "आणि म्हैस?" मी म्हणालो. म्हैस जिना उतरायला तयार नव्हती. तिला खाली आणायला पेंडीची पाटी दाखवत एकेक पायरी उतरावी लागली. अकरा कधी वाजून गेले मला कळलं नाही. ताईंनी येऊन चिमटा लावला तेव्हा मी हात पुढे केला आणि आकडा बघायचंही विसरलो.

"एकोणऐंशी," त्या म्हणाल्या. "आता उठू नका."

मी उठलो नाही. म्हैस खाली आली, गोठ्यात गेली, त्या संध्याकाळी दूध कमी निघालं. साडेअकराला एक्काहत्तर. मग आजोबांच्या मुलाला डॉक्टरांनी आत बोलावलं आणि आजोबा गप्प झाले. माझं मन पुन्हा दाराकडे, घड्याळाकडे. पावणेबाराला सदुसष्ट, आणि तिथे तो आकडा अडकला. पाच मिनिटांनी पुन्हा सदुसष्ट.

डॉक्टर बाहेर आले. "आणखी थांबलो तर वेळ जाईल. टेबलवर घेऊ. श्वास रोखला की पुष्कळांचे ठोके थोडे उतरतात. बघू. नाही उतरले तर तिथे ठरवू."

म्हणजे काय ठरवायचं ते मला माहीत होतं.

आत गारठा होता. पांढरं मोठं कडं आणि त्याच्या आत जाणारं अरुंद टेबल. छातीला चिकटपट्ट्या, हात डोक्याच्या वर, हाताला टोचलेल्या सुईला नळी. माझ्या स्टुडिओत मी लोकांना किती अवघडून बसवत होतो ते मला तिथे समजलं. ताई काचेपलीकडे गेल्या. भोंग्यातून म्हणाल्या, "आधी फक्त श्वासाचा सराव. मशीन सांगेल तसं करा."

मशीनमधून एक गोड आवाज आला. "श्वास आत घ्या. रोखून धरा."

"हो," मी म्हणालो.

भोंग्यातून ताईंचा आवाज आला. "काका, तिला उत्तर नका देऊ. ते रेकॉर्डिंग आहे."

"हो, सॉरी."

"मलाही नका देऊ."

काय करणार? कोणी इतक्या अदबीने सांगितलं तर 'हो' म्हणायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दुसऱ्या सरावाला मी ओठ घट्ट मिटले आणि इतका मोठा श्वास घेतला की छाती टेबलवरून उचलली गेली. "एवढा मोठा नको. नेहमीसारखा. हळू." तिसऱ्यांदा जमलं. मी मनात मोजत होतो. चार, पाच, सहा.

"त्रेसष्ट," ताई म्हणाल्या. मग आत येऊन त्यांनी जिभेखाली एक फवारा मारला; त्याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि चित्रात नीट दिसतात. पण त्याने ठोके पुन्हा थोडे वर जातात, हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. शहाणपणाच केला. मी तिरक्या नजरेने पडद्यावर बघितलंच. अडुसष्ट. ताईंनी पडदा भिंतीकडे फिरवला.

"हा फोटो मी काढून राहिले का तुम्ही?"

मी 'तुम्ही' म्हणणार होतो, पण बोलायचं नाही हे आठवलं. डोळे मिटले. कडं गरगरायला लागलं, आधी हळू, मग विमान उडायच्या आधीसारखं. भोंग्यातून "औषध येतंय" एवढं ऐकू आलं, आणि मानेपासून खाली एक ऊब उतरत गेली, छातीतून पोटात, पोटातून आणखी खाली. धोतार भिजलं, मला वाटलं. मी पँटमध्ये होतो. हसू यायला लागलं. हसू आलं तर हलणार, हललो तर चित्र गेलं, चित्र गेलं तर तार. "श्वास आत घ्या. रोखून धरा." मी हो म्हटलं नाही. हसलो नाही. खाज सुटली होती नाकाला, ती तिथेच राहू दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला फोटोला बसवलं होतं आणि मी गिऱ्हाईकासारखा वागत होतो.

"श्वास सोडा."

संपलं. मला वाटलं अजून व्हायचंय.

"झालं," ताई आत आल्या. "एकसष्टवर मिळालं. किरणं कमीतलीच लावली. चित्र बघून सर सांगतील."

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पडद्यावर माझं हृदय होतं. मी बायकोच्या आधी खुर्ची पुढे ओढली. काळ्या-करड्या चित्रात पांढऱ्या वाहिन्या, नदीच्या फाट्यांसारख्या. भीती होतीच, पण तीस वर्षांची सवय तिच्या पुढे धावली.

"थोडं रवाळ आलंय," मी म्हणालो.

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हसले. "आलंय. किरण कमी केले की एवढं येतंच. सॉफ्टवेअरने बरंच साफ केलंय. याहून गुळगुळीत करता येतं, पण मग वाहिनीच्या काठावरचं बारीकसारीकही पुसलं जातं. आम्हाला सुंदर चित्र नको असतं. उत्तर मिळेल एवढं हवं असतं."

मी एकदा एका गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो इतका साफ करून दिला होता की त्यांच्या गालावरचा तीळ गेला. अर्जात ओळखीची खूण म्हणून तोच तीळ लिहिलेला. अर्ज परत आला, गृहस्थ माझ्याकडे आले आणि त्यांनी तो तीळ मला अगदी जवळून दाखवला.

"आणि उत्तर काय आहे?" हे बायकोने विचारलं. मी नाही.

डॉक्टरांनी एका वाहिनीवर बाण नेला. तिथे काठाला छोटासा पांढरा ठिपका होता. थोडं साचलंय, म्हणाले, पण वाट मोकळी आहे. बाकी दोन्ही स्वच्छ. तारेची गरज दिसत नाही. रोजची एक गोळी लागेल, वजन खरं लिहा आणि ते कमी करा, पुढचं आपले हृदयाचे डॉक्टर सांगतील. बायकोने तो ठिपका नीट बघून घेतला, कपड्यावरचा डाग बघावा तसा. मग तिने पर्स उघडून रुमाल काढला आणि नाक पुसलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, दुचाक्यांचं पार्किंग होतं.

बाहेर आल्यावर मी जवळजवळ पळतच आजोबांकडे गेलो. त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांच्या म्हशीने माझे वीस-पंचवीस ठोके उतरवले होते. ते तसेच मांडी घालून बसले होते. मुलगा शेजारी उभा होता, हातात मोठं पाकीट, चेहरा उतरलेला.

"काय निघालं तुमचं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही!" मी म्हणालो. "एक ठिपका आहे फक्त. तारसुद्धा नको म्हणाले. आणि किरणही कमी लागले. तुमचं?"

"तीन नळ्या हायत म्हनं. त्यातल्या दोन तुंबल्यात. वर दाखवायला जायाचंय आत्ता, आपरेशनचं इचारायला."

माझ्या तोंडावरचा आनंद कुठे ठेवू ते कळेना. बायको पुढे झाली, त्यांच्या मुलाशी हळू आवाजात बोलायला लागली. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आजोबा, काळजी करू नका. शांत राहा."

आजोबांनी टोपी सारखी केली, मांडी सोडली आणि चप्पल पायात सरकवता सरकवता माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"माज्या दोन तुंबल्यात तरी मी गप बसलोय. तुमचं काय बी न्हाय, आन् सकाळधरनं समदं हास्पिटल डोक्यावर घेतलंय. तुमीच जरा घरी जाऊन गप पडा."